विलंबाची नोंदवही : संगणक-जाळ्यातील टिकून राहणारा बदल कसा ओळखावा

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आडमार्गाच्या गावी रोज सकाळी नऊला येणारी एस.टी. एके दिवशी पाऊण तास उशिरा आली, तर चाक पंक्चर झाले असेल असे गावकरी म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु तीच गाडी सलग आठवडाभर रोज दहा मिनिटे उशिरा येऊ लागली, तर त्या दहा मिनिटांचा अर्थ पाऊण तासापेक्षा मोठा असतो. कोठे तरी पूल बंद झालेला असतो, गाडीला वळसा पडत असतो, किंवा वाटेत नवा थांबा वाढलेला असतो. पहिली घटना हा अपघात होय. दुसरी घटना म्हणजे परिस्थितीत घडून आलेला बदल होय. गाडीच्या बाबतीत हा भेद गावातील शाळकरी मूलही करू शकते. प्रकाशतंतूंतून धावणाऱ्या संदेशाच्या बाबतीत मात्र तो करणे अवघड जाते, कारण तेथील उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो आणि तो क्षणोक्षणी बदलत असतो.

हा विषय पंचायतीच्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या जाळ्याने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तीच योजना 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. सात-बाराचा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, रास्त भाव दुकानातील अंगठ्याची पडताळणी ही सारी कामे आता त्या जाळ्यावर अवलंबून आहेत. जाळे पूर्ण बंद पडले तर ते सर्वांना समजते आणि तक्रारही होते. परंतु जाळे चालू आहे, दिवाही हिरवा आहे, आणि तरीही पूर्वी दोन मिनिटांत होणारे काम आता सात मिनिटे घेते, अशी स्थिती आली की तक्रारकर्त्याची पंचाईत होते. ''मंद चालते'' या दोन शब्दांना कोणताही अभियंता उत्तर देऊ शकत नाही. तो येतो, तपासतो, ''आता तर ठीक दिसते'' असे सांगून परत जातो. रोजगार बुडवून आलेली माणसे ओट्यावर बसून राहतात. कधीपासून, किती आणि कोणत्या वेळी मंद, याची नोंद ज्याच्यापाशी आहे त्याचेच म्हणणे ऐकून घेतले जाते.

रुंदी आणि विलंब

जाळ्याविषयी बोलताना दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. कालव्याची वहनक्षमता वेगळी आणि दरवाजा उघडल्यापासून पाणी पुच्छभागातील शेवटच्या चारीपर्यंत पोचण्यास लागणारा वेळ वेगळा. जाहिरातीत सांगितला जातो तो 'वेग' म्हणजे वहनक्षमता. विलंब म्हणजे एक लहानसा संदेश पाठविल्यापासून त्याचे उत्तर परत येईपर्यंतचा काळ. हा काळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात.

कालवा कितीही रुंद केला तरी विलंबाचे नुकसान भरून निघत नाही. शासकीय संकेतस्थळावरील एखादा अर्ज भरताना संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यामध्ये अनेक प्रश्नोत्तरे होतात, आणि त्यांपैकी पुष्कळशी एकामागून एकच होऊ शकतात. समजा, अशी तीस प्रश्नोत्तरे लागतात. प्रत्येकास ४० मिलिसेकंद लागत असतील तर एकूण १.२ सेकंद जातात; ९० लागू लागले तर तेच काम २.७ सेकंदांवर जाते. एका पानासाठी हा फरक किरकोळ भासेल. पण एका अर्जात अशी कित्येक पाने असतात, आणि काही पाने ठरावीक वेळात उत्तर न मिळाल्यास सारे भरलेले टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयास लावतात. हा शेवटचा अनुभव ज्याला आलेला नाही असा सेवाकेंद्रचालक विरळा.

विलंब तीन कारणांनी घडतो. पहिले कारण अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागतो. तंतूची वाट ८०० किलोमीटरची असेल तर ८ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणे अशक्य आहे. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत संदेश गेला, तर जाण्यायेण्यात केवळ अंतरापायी सुमारे ४८० मिलिसेकंद खर्च होतात. ही मर्यादा निसर्गाने घातलेली आहे. कोणत्याही निविदेतील अटींचे तिच्यापुढे काही चालत नाही. दुसरे कारण वाटेतील यंत्रांना संदेश पुढे ढकलण्यास लागणारा वेळ. तो सामान्यतः अल्प असतो. तिसरे कारण रांग. एखाद्या दुव्यावर येणारे संदेश जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाले की ते वाटेतील राउटरपाशी ताटकळतात. दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी विलंब कमीअधिक होतो तो मुख्यतः या रांगेमुळे.

या तिन्हींतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विलंबाला खालची मर्यादा असते, वरची नसते. ४० मिलिसेकंदांची वाट कधीही १० मिलिसेकंदांत पार पडणार नाही. मात्र ती कधी ४००ही घेईल. म्हणून विलंबाच्या आकड्यांची सरासरी काढणे धोक्याचे असते. दहा मोजण्यांपैकी नऊ ४० आणि एक ४०० असेल, तर सरासरी ७६ येते, आणि ७६ हा आकडा त्या दहांतील एकाही संदेशाचा अनुभव सांगत नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा, म्हणजेच मध्यक काढावा, तर तो ४० येतो. मध्यक शालेय गणितात शिकविला जातो. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

मोजण्याचे साधन

विलंब मोजण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे 'पिंग' ही आज्ञा. अमेरिकेच्या लष्करी प्रक्षेपास्त्र संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये जाळ्यातील एका गूढ बिघाडाचा माग काढण्यासाठी हा छोटासा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीचा ठाव घेण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या यंत्राच्या आवाजावरून त्यांनी त्याला हे नाव दिले. आज तो जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो. त्याचा मोठा गुण असा की पाठविण्याची आणि परत मिळाल्याची वेळ एकाच घड्याळाने मोजली जाते; दोन ठिकाणची घड्याळे जुळविण्याचा खटाटोप उरत नाही.

विलंबाचा अंदाज चुकल्याने काय अनर्थ ओढवतो, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत दिसून आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील अंतर अवघे चारशे यार्ड. या दोहोंमधील दुव्यावरून माहिती जाण्याचा दर सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात याची मीमांसा केली. जाळ्यात गर्दी होऊन विलंब वाढला होता. पण संदेश हरवला असे समजण्यापूर्वी किती वेळ थांबावे याचा संगणकांचा हिशेब त्या वाढीच्या मागे पडत होता. त्यामुळे वाटेत असलेले संदेशच ते पुन्हा पुन्हा पाठवीत होते आणि रांगेत आणखी भर घालीत होते. उपायांपैकी एक अगदी साधा होता. प्रत्येक नवे मोजमाप आले की जुन्या अंदाजात फरकाचा फक्त एक-अष्टमांश मिळवावयाचा, आणि त्याबरोबर विलंब किती हेलकावतो याचाही स्वतंत्र हिशेब ठेवावयाचा. पुढे प्रतीक्षेची मुदत अंदाज अधिक हेलकाव्याची चौपट अशी रूढ झाली. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल फोन हाच हिशेब अहोरात्र करीत असतो.

हे एक-अष्टमांशाचे गणित कारखान्यांतील गुणवत्ता तपासनिसांना नवे नव्हते. एस. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांनी त्याच घडणीचा तक्ता १९५९ मध्येच मांडला होता. विलंबातील बदल ओळखण्याचे बहुतेक शास्त्र असे कारखान्यांतूनच आलेले आहे.

एका पानाचे टिपण

वॉल्टर शूहार्ट हे वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत काम करीत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांस जेमतेम एका पानाचे टिपण सादर केले. त्यात एक आकृती होती. एका पानाचे टिपण इतके दूरगामी ठरल्याची उदाहरणे कार्यालयीन इतिहासात फार नसावीत. शूहार्ट यांचे म्हणणे असे होते की कोणतीही मोजणी रोज थोडी हलतेच. या हालचालीमागे असंख्य लहानसहान कारणे असतात आणि त्यांचा माग काढणे व्यर्थ असते. परंतु केव्हा केव्हा एखादे शोधता येण्याजोगे कारण मध्ये शिरते. या दोहोंत भेद करण्यासाठी त्यांनी तक्त्यावर मधोमध नेहमीच्या पातळीची रेघ ओढली आणि वर व खाली एकेक मर्यादारेषा आखली. या मर्यादा नेहमीच्या विचलनाच्या तिपटीवर ठेवण्याचा प्रघात पडला. रेषेच्या आत असेल तोवर हात लावू नये. रेषा ओलांडली की कारण शोधावे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते, आणि आपल्याकडील कारखान्यांत सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाचा विचार रुजण्यास त्या भेटीचे मोठे साहाय्य झाले.

शूहार्ट यांचा तक्ता मोठी उडी तत्काळ पकडतो. लहान पण टिकून राहणारी वाढ मात्र त्याच्या मर्यादारेषेखालून निसटते. या उणिवेवरील उपाय ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये सुचविला. त्यांची युक्ती अशी की प्रत्येक आकडा सुटा न पाहता नेहमीच्या पातळीपेक्षा झालेले अधिक्य साठवीत जावे. एका दिवसाचे अधिक्य क्षुल्लक असते. पण ते रोज त्याच बाजूचे असेल तर साठा वाढत जातो. केवळ हेलकावे असतील तर आज जमलेले उद्या वजा होऊन साठा शून्याकडे परततो. उधारीच्या वहीसारखाच हा व्यवहार आहे.

प्रत्यक्ष हिशेबाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका पंचायत कार्यालयातून रोज दुपारी बाराला एका ठरावीक सर्व्हरकडे दहा संदेश पाठवून त्यांचा मध्यक लिहिला जातो. पहिल्या महिन्याच्या नोंदींवरून नेहमीची पातळी ४० मिलिसेकंद आणि नेहमीचे विचलन ४ मिलिसेकंद ठरले. शूहार्ट यांच्या रीतीने वरची मर्यादा ४० अधिक तिप्पट ४, म्हणजे ५२. पेज यांच्या रीतीसाठी नेहमीच्या पातळीवर विचलनाच्या निम्म्याइतकी, म्हणजे २ मिलिसेकंदांची सूट द्यावी. रोजच्या आकड्यातून ४२ वजा करून येणारी बाकी साठ्यात मिळवावी; साठा ऋण होऊ लागला तर तो शून्य धरावा; आणि साठा विचलनाच्या पाचपटीपलीकडे, म्हणजे २० च्या वर गेला की इशारा द्यावा.

आता पाच दिवसांचे आकडे ४१, ३९, ४३, ३८, ४० असे आले. साठा शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य असा राहतो. चिंतेचे कारण नाही. त्यापुढील सहा दिवशी ४६, ४४, ४७, ४५, ४८, ४६ आले. यांपैकी एकही आकडा ५२ च्या जवळपासही नाही. सुटा पाहिला तर प्रत्येक आकडा निरुपद्रवी आहे. पण साठा ४, ६, ११, १४, २० आणि २४ असा चढत जाऊन सहाव्या दिवशी मर्यादा ओलांडतो. इतकेच नव्हे, तर साठा शेवटचा शून्य कोणत्या दिवशी होता हे मागे वळून पाहिले की बदल केव्हा सुरू झाला असावा याचा दिवसही हाती येतो. अभियंत्याला हीच तारीख हवी असते. त्या दिवशी कोणती जोडणी बदलली, कोठे खोदकाम झाले, हे तो आपल्या नोंदींत पाहू शकतो.

याउलट एखाद्या दिवशी ६० आले आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ४० येऊ लागले, तर साठा १८ वर जाऊन रोज दोन-दोनने उतरत शून्यावर येईल, आणि टिकून राहणाऱ्या बदलाचा इशारा मिळणार नाही. ६० हा आकडा शूहार्ट यांची ५२ ची रेषा ओलांडतो खरा. त्याची नोंद शेऱ्याच्या रकान्यात करावी, तक्रार करू नये. दोन्ही तक्ते शेजारीशेजारी ठेवण्यात शहाणपण आहे ते यासाठी.

इशाऱ्याची मर्यादा २० च ठेवावी असा काही दंडक नाही. ती १२ वर आणली तर बदल लवकर पकडला जाईल, पण खोटे इशारेही वाढतील. ३० वर नेली तर खोटे इशारे जवळजवळ थांबतील, पण खरा बदल कळण्यास अधिक दिवस जातील. यातून सुटका नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शिक्षकांना सांगावयास नको. तालुक्याच्या ठिकाणी दोनदा निष्कारण धावपळ झाली की तिसऱ्या तक्रारीकडे कोणी फिरकत नाही. म्हणून खोट्या इशाऱ्याची किंमत किती आणि उशिराची किंमत किती, याचा विचार ज्याने-त्याने आपल्या ठिकाणी करावयाचा आहे. रुग्णालयाच्या दुव्यासाठी जी मर्यादा योग्य, ती वाचनालयाच्या दुव्यासाठी योग्य असेलच असे नाही.

मासिक सरासरीचा दोष

सरकारी कामकाजात विवरणपत्रे मासिक असतात आणि त्यांत सरासरी मागितली जाते. ही पद्धत या कामी अगदी निरुपयोगी आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे. महिन्याचे पहिले वीस दिवस ४० आणि शेवटचे दहा दिवस ७० विलंब राहिला, तर मासिक सरासरी ५० भरते. हा आकडा महिन्यातील कोणत्याही दिवशी नव्हता. बदल कधी झाला हे तो सांगत नाही आणि बदल झाला हेही लपवितो. शिवाय वरच्या मर्यादेचाही एक फसवा दिलासा असतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांत ब्रॉडबँड सेवादात्याच्या केंद्रापासून आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वारापर्यंतच्या विलंबाची मर्यादा १२० मिलिसेकंद, तेथून परदेशातील नजीकच्या केंद्रापर्यंत जमिनीवरील व समुद्रातील तारांनी ३५०, आणि उपग्रहाने ८०० मिलिसेकंद अशी घातली होती. अशी कमाल मर्यादा आवश्यकच असते. परंतु ४० वरून ९० वर गेलेला दुवा १२० च्या आतच राहतो. कागदोपत्री तो निर्दोष असतो, आणि ओट्यावर बसलेल्या माणसाचा वेळ मात्र दुपटीहून अधिक जातो.

आणखी एक धोका स्वयंचलित यंत्रणांत आढळतो. काही यंत्रणा 'नेहमीची पातळी' दर आठवड्यास नव्याने ठरवितात. विलंब हळूहळू वाढत गेला तर तीही त्याच्यामागून वर सरकते आणि बिघाडालाच नेहमीची स्थिती मानू लागते. माणसांच्या बाबतीत यालाच सवय होणे म्हणतात. यासाठी चांगल्या काळातील पातळी एकदा निश्चित करून ती गोठवून ठेवावी, आणि बदलावयाची झाल्यास कारण लिहून बदलावी.

रांग आणि वाट

वाढ टिकून आहे असे ठरल्यावर ती कशामुळे झाली याचा तर्कही बऱ्याच अंशी नोंदवहीतूनच करता येतो. त्यासाठी मध्यकाबरोबर प्रत्येक वेळचा किमान आकडाही लिहावा. दहा संदेशांपैकी एखादा तरी रांग नसताना निसटून जातो, आणि तो वाटेची खरी लांबी सांगतो. मध्यरात्रीनंतर जाळे रिकामे असतानाचा किमान आकडाही पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर वाटच लांबली आहे असे समजावे. रात्रीचा किमान आकडा पूर्वीचाच, पण रोज संध्याकाळी सात ते अकरा मध्यक चढतो, असे असेल तर वाट तीच असून कोठे तरी रांग लागते आहे. तेथे वहनक्षमता अपुरी पडू लागली आहे.

किमान आकड्याचे हे महत्त्व कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये राउटरच्या आतील रांगेसाठीही वापरले. त्यांच्या 'कोडेल' या रीतीमागील विचार मननीय आहे. रांग असणे हा दोष नव्हे. अचानक आलेला लोंढा झेलण्यासाठी ती हवीच. दोष आहे तो कधीही न ओसरणाऱ्या रांगेत. म्हणून ही रीत रांगेची लांबी किंवा सरासरी पाहत नाही. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत रांगेतील विलंब एकदा तरी ५ मिलिसेकंदांखाली आला की नाही, एवढेच पाहते. आला, तर रांग ओसरते आहे. आला नाही, तर ती साचलेली आहे, आणि मग काही संदेश मुद्दाम टाकून देऊन पाठविणाऱ्यांना हात आवरण्याची सूचना दिली जाते. पुरवठा कार्यालयापुढील रांगेलाही हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

वाट लांबल्याची सर्वांत मोठी उदाहरणे समुद्रतळावर सापडतात, आणि त्यांचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या अनेक केबली मुंबईच्या किनाऱ्यावरून निघून तांबड्या समुद्रातून व इजिप्तमार्गे जातात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियानजीक दोन केबली तुटल्या आणि भारतातील परदेशी दळणवळणास जबर धक्का बसला. ६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातील जेद्दानजीक पुन्हा केबली तुटल्या. बाधितांत मुंबईला येणाऱ्या 'सी-मी-वी ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई' या होत्या. त्या वेळी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ग्राहकांना जाहीरपणे कळविले की संदेश दुसऱ्या वाटांनी वळविले असून मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीचा विलंब वाढलेला जाणवेल. जाळे बंद पडले नाही, वळसा पडला. वळशाचा हिशेब सोपा आहे: दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. वाट १० हजार किलोमीटरने लांबली तर १०० मिलिसेकंदांची भर पडणारच, आणि दुरुस्ती जहाज पोचून केबल जोडीपर्यंत ती तशीच राहणार. अशा वेळी गावातील तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नसतो.

बदल नेहमी वाईटच असतो असेही नाही. देशातील दोन सेवादात्यांच्या ग्राहकांमधील संदेशही एके काळी पुष्कळदा परदेशाची वारी करून येत. ही वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. वाट अशी आखूड झाली की विलंबाची पातळी खाली येते आणि खालीच राहते.

बिघाड कोणाच्या हद्दीत

तक्रारीचे कागद इकडून तिकडे फिरतात ते मुख्यतः हद्द ठरत नाही म्हणून. येथे 'कैडा' या अमेरिकेतील संशोधन संस्थेच्या मंडळींनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत अनुकरणीय आहे. संशयित दुव्याच्या अलीकडच्या टोकाकडे आणि पलीकडच्या टोकाकडे सारख्याच वेळांना संदेश पाठवावेत. अलीकडचा विलंब सपाट राहून पलीकडचा तेवढा रोज काही तास वर जात असेल, तर रांग त्या दुव्यावरच आहे. मोठ्या कंपन्यांमधील दुव्यांसाठी वापरलेली ही रीत पंचायतीतही चालते. एक मोजणी कार्यालयातील राउटरपर्यंत, दुसरी सेवादात्याच्या पहिल्या केंद्रापर्यंत, तिसरी दूरच्या सर्व्हरपर्यंत. पहिलीच वाढली असेल तर दोष कार्यालयातील तारेत, वायफायमध्ये किंवा शेजारच्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्यात शोधावा. पहिली स्थिर राहून दुसरी वाढली तर सेवादात्याच्या स्थानिक दुव्यात. पहिल्या दोन्ही स्थिर राहून तिसरीच वाढली तर दोष त्यापलीकडे कोठे तरी आहे.

येथे एक सावधगिरी हवी. राउटरचे मुख्य काम संदेश पुढे पाठविणे हे आहे. पिंगला उत्तर देणे हे फावल्या वेळातले काम. त्यामुळे मधलाच एखादा राउटर उशिरा उत्तर देतो आणि त्यापलीकडचे सारे वेळेवर देतात असे दिसले, तर तो बिघाड नव्हे. वाढ त्या जागेपासून पुढे शेवटपर्यंत टिकलेली दिसली तरच ती खरी मानावी.

नोंदवहीचा नमुना फार मोठा नको. दिनांक, वेळ, तिन्ही ठिकाणांचे किमान व मध्यक, साठा आणि शेरा एवढे रकाने पुरेत. वेळ रोज तीच ठेवावी, कारण सकाळच्या आकड्याची संध्याकाळच्या आकड्याशी तुलना केल्यास दिवसाची चढउतार म्हणजेच बदल असा भास होतो. रविवारची तुलना रविवारशीच व्हावी. ज्या सर्व्हरकडे संदेश पाठवावयाचा तोही बदलू नये. बदलावा लागल्यास वहीत आडवी रेघ मारून पातळी नव्याने ठरवावी. शेऱ्यात पाऊस, वीज जाणे, रस्त्याचे खोदकाम, दहावीच्या निकालाचा दिवस, कार्यालयातील यंत्राची जागा बदलणे अशा गोष्टी लिहाव्यात. पुष्कळ इशाऱ्यांचे उत्तर याच रकान्यात सापडते. ज्या शाळेत संगणक आहे तेथे ही मोजणी आपोआप होईल अशी व्यवस्था करता येते, आणि साठ्याचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घेता येतो. भिंतीवरचा तो आलेख पर्जन्यमापकाच्या आलेखाशेजारी लावण्यास हरकत नाही.

तक्रार करताना आलेखाची प्रत, साठा शेवटचा शून्य असल्याचा दिनांक, तोपर्यंतची आणि त्यानंतरची पातळी, आणि तिन्ही ठिकाणांचे आकडे जोडावेत. दुरुस्ती झाल्याचे कळविण्यात आले की साठा शून्य करून मोजणी पुढे चालू ठेवावी, आणि उलट दिशेचाही साठा मांडावा, म्हणजे रोजचा आकडा ३८ मधून वजा करून येणारी बाकी साठवावी. विलंब जुन्या ४० वर परतला तर हा दुसरा साठा शून्याजवळच घोटाळेल. तो चढू लागला तर दुरुस्तीत वाट पूर्वीपेक्षाही आखूड झाली, असे समजून नवी पातळी आणि तिचा दिनांक वहीत लिहावा.